‘डिझाइन शिकतेस म्हणजे नक्की काय करतेस?’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथीला आमच्या वाडीत आरतीसाठी घरोघर फिरायचं म्हणजे बारा-तेरा घरं होतात. प्रत्येक घरी हातावर पंचखाद्य पडायच्या आधी एक प्रश्न पडतो. मी पुण्यात डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय कम्युनिकेशन डिझाइन (म्हणजे अक्षरं आणि चित्रांतून सांगायचं ते पोचवणं), घर सावंतवाडीजवळ. तीन वर्षं तीच उत्तरं देऊन झाली. दहावी-बारावीतली मुलं आणि त्यांचे आईबाबा फोनवर विचारतात ते वेगळंच. म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतेय. पुढच्या चवथीला कोणी विचारलं की हे वाचायला देणार आणि आपण करंजी खाणार.

डिझाइन म्हणजे ड्रॉइंगच ना?

ड्रॉइंग लागतं, जसं वकिलाला लिहिता यावं लागतं तसं. त्याच्यापुढे काय, ते आजीच्या गोळ्यांवरून सांगते.

आजी रक्तदाबाची गोळी घेते. मेडिकलवाला अर्धी स्ट्रिप कात्रीने कापून देतो आणि मुदत संपायची तारीख नेमकी दुकानात उरलेल्या अर्ध्या भागावर राहते. आजीच्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात अशा कापलेल्या पट्ट्या दहा-बारा तरी सापडतील. कोणती कधीची, देव जाणे. आता ती तारीख प्रत्येक गोळीच्या पाठीमागे छापली तर? अक्षर किती बारीक होईल? चकचकीत चंदेरी पत्र्यावर ते आजीला दिसेल का? एका रांगेत छापलं आणि कात्री मधूनच गेली तर? खर्च किती वाढेल? हे प्रश्न उकरत बसायचं, कागदावर पन्नास उत्तरं काढायची, त्यातली सत्तेचाळीस फेकायची, उरलेली तीन खऱ्या आजीच्या हातात देऊन बघायची. यालाच आम्ही डिझाइन म्हणतो. मोर काढता आला तर बरंच, पण मोर काढून तारीख दिसत नाही.

प्रवेश कसा मिळतो? एलिमेंटरी, इंटरमिजिएट लागतं का?

ड्रॉइंगच्या त्या दोन्ही परीक्षा दिलेल्या असल्या तर हात वळलेला असतो, एवढाच त्यांचा उपयोग. मोठ्या संस्थांची प्रवेश परीक्षा वेगळी असते.

आयआयटीमधल्या बी.डेस. या डिझाइनच्या चार वर्षांच्या पदवीसाठी ‘यूसीड’ ही परीक्षा आहे. ती आयआयटी मुंबई घेते, साधारण जानेवारीत. दोन भाग असतात : पहिला संगणकावर, दुसरा कागदावर हाताने चित्र काढून. ही परीक्षा लागोपाठच्या दोनच वर्षी देता येते, त्यामुळे ‘यंदा सहज देऊन बघते’ असं करू नका. माझ्या मैत्रिणीने एक संधी तशीच घालवली. अहमदाबादच्या एनआयडीची (राष्ट्रीय डिझाइन संस्थेची) आणि तिच्या इतर शाखांची ‘डॅट’ ही स्वतंत्र परीक्षा असते, प्रिलिम्स आणि मेन्स अशा दोन टप्प्यांत. मेन्सला प्रत्यक्ष हाताने वस्तू करून दाखवावी लागते. सरकारी कलामहाविद्यालयात अप्लाइड आर्टला जायचं तर राज्याची सीईटी. खासगी कॉलेजं आपापल्या परीक्षा घेतात. सायन्स, कॉमर्स, आर्ट्स, कुठल्याही शाखेतून येता येतं. आमच्या वर्गात तिन्हीकडची मुलं आहेत.

तयारीचं म्हणाल तर क्लास लावलात तरी चालेल, नाही लावलात तरी चालेल, पण रोज एक वस्तू समोर ठेवून काढा. मी आठ महिने विळी काढली. उभी, आडवी, पात मिटलेली, नारळाचं खोवण्याचं तोंड वर करून. विळीचं पर्स्पेक्टिव्ह ज्याला जमलं त्याला खुर्ची अवघड नाही.

या शिक्षणाची आपल्याकडे सुरुवात कुठून झाली?

थोडक्यात सांगते, कारण याचं उत्तर पहिल्या वर्षी पाठ करून घेतात. १९५८मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथे फिरलं आणि एक अहवाल देऊन गेलं. त्याच्यावरून १९६१मध्ये अहमदाबादला एनआयडी उभी राहिली. मुंबईच्या आयआयटीत आयडीसी हे डिझाइनचं केंद्र आलं १९६९मध्ये. त्या अहवालात सगळ्यात कौतुक कशाचं केलंय, तर लोट्याचं. आपल्या तांब्यासारख्याच साध्या लोट्याचं. किती पाणी मावतं, कडेवर कसा बसतो, डोक्यावर कसा राहतो, ओतताना धार कशी पडते, हातात थंड लागतो की गरम, असे सगळे प्रश्न त्यांनी मांडले. हे वाचून मी सुट्टीत आईला म्हटलं, आपल्या तांब्यावर अमेरिकेतल्या माणसांनी पानं भरून लिहिलंय. आई म्हणाली, मग त्यांना म्हणावं घासायला या.

तुझा दिवस कसा जातो?

सकाळी मेसचा डबा येतो आठला. नऊला स्टुडिओ. मधे पीएमटी, म्हणजे पुण्याची सिटी बस. नाव आता पीएमपीएमएल, पण लोक अजून पीएमटीच म्हणतात, मीही म्हणते.

पीएमटीत ए-वन आकाराचा कागद घेऊन चढणं हा अभ्यासक्रमात नसलेला विषय. ए-वन म्हणजे ५९४ बाय ८४१ मिलिमीटर, उंचीला माझ्या कमरेपर्यंत. गुंडाळून नळीत घातला तर स्टुडिओत पोचल्यावर उलगडत नाही, सपाट न्यावा तर गर्दीत कंडक्टर विचारतो, ‘पतंग का?’ मी पहिल्या सेमिस्टरला सपाट नेला, दुसऱ्याला नळीत, तिसऱ्यापासून कागद स्टुडिओतच ठेवते.

स्टुडिओत सकाळी कोणीतरी शिकवतं, दुपारी आपण काम करतो, चारच्या सुमाराला सगळ्यांची कामं भिंतीवर टाचणीने लावतात. त्याला पिन-अप म्हणतात. मग सर किंवा मॅडम एकेकासमोर उभे राहतात. गप्प उभे राहिले तर ते जास्त वाईट. संध्याकाळी साहित्याची फेरी : कागद, रंग आणि पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौक, खिळे, तार, बिजागऱ्या असलं काही लागलं तर रविवार पेठेतली बोहरी आळी. बोहरी आळीत ‘मला साधारण असं काहीतरी पाहिजे’ म्हटलं तरी दुकानदार मागे वळून नेमकं तेच काढतो. एवढं चांगलं सर्च इंजिन मी अजून पाहिलेलं नाही.

सबमिशनच्या आदल्या रात्रीबद्दल फार विचारतात. हो, जागतो. का जागतो, तर फेव्हिकॉल वाळायला जो वेळ लागतो तो कोणाच्याच वेळापत्रकात धरलेला नसतो. सनबोर्ड (फोमचा जाड बोर्ड) कापताना स्टीलची पट्टी सरकते, कटर अंगठ्यावर जातो, बोर्डावर रक्ताचा डाग पडतो आणि तो भाग परत कापावा लागतो. दवाखान्यापेक्षा बोर्डची काळजी जास्त. नवीन मुलांना माझं एकच सांगणं आहे, बोथट पातं वापरू नका. बोथट पात्यावर जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हात सुटतो. पात्याचा तुकडा मोडून टाकायला कंजूषपणा करायचा नाही.

आणि छपाई. दुसऱ्या वर्षी मी कोकमावर पोस्टर केलं. स्क्रीनवर आमसुलाचा तो जांभळट, काळसर लाल असा आला होता की तोंडाला पाणी सुटावं. रात्री साडेनऊला प्रिंटच्या रांगेत उभी राहिले, बाहेर आलं ते वीटकरी. दुकानदाराशी भांडले. त्याने शांतपणे माझी फाइल उघडून दाखवली : आरजीबीमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या रंगपद्धतीत होती. स्क्रीन उजेडातून रंग करते, छापखाना शाईतून. उजेडात जे लाल दिसतं ते चार शायांच्या मिश्रणात बसेलच असं नाही. हे मला वर्गात शिकवलं होतं, वहीत अधोरेखित करून लिहिलेलंही होतं. जाताना त्याची माफी मागितली. त्याने सांगितलं की अशी भांडणं आठवड्यातून दोनदा होतात.

ज्युरी म्हणजे काय? रडू येतं का?

सेमिस्टरच्या शेवटी तीन-चार जण समोर बसतात, त्यातले एक-दोन बाहेरचे, आणि तुमच्या कामाबद्दल विचारतात. बहुतेक वेळा एकच शब्द विचारतात : ‘का?’ हा निळा का? इथे मोकळी जागा का? ‘चांगलं दिसतं म्हणून’ हे उत्तर दिलंत की पुढची पाच मिनिटं वाईट जातात. रडू येतं. स्वच्छतागृहात पाण्याचा नळ सोडून रडायची पद्धत आहे.

मी मात्र ज्युरीत कौतुक झालं त्याच कामावर रडले, ते सांगते.

विषय होता, घरातली रोजची एखादी छापील वस्तू नव्याने करा. मी भिंतीवरचं कॅलेंडर घेतलं. आपल्याकडे कॅलेंडर म्हणजे ‘कालनिर्णय’. आमच्याच जिल्ह्यातल्या, मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी ते १९७३मध्ये सुरू केलं. एका चौकोनात किती माल भरलेला असतो ते कधी नीट बघा : तारीख, तिथी, नक्षत्र, सण, संकष्टीचा चंद्रोदय. मला तेव्हा ती गर्दी वाटली. मी बारा महिने चंद्राच्या कलांसारखे गोल मांडले, अमावस्या काळी, पौर्णिमा पिवळसर पांढरी, तारखा वर्तुळाच्या कडेने नाजूक फिरत गेलेल्या. ए-थ्री, जाड कागद, वरून चकचकीत लॅमिनेशन. ज्युरीतल्या एका पाहुण्या मॅडमनी फोटो काढून घेतला. मला वाटलं, जमलं.

ते घेऊन घरी गेले, स्वयंपाकघरात जुनं काढून खिळ्याला नवीन अडकवलं. आई पदराला हात पुसत आली. आधी मंगळवार शोधला. सापडेना, कारण वर्तुळात मंगळवार एका ओळीत येत नाहीत. मग गॅस सिलिंडर आला त्या तारखेवर खूण करायला बॉलपेन टेकवलं, ते लॅमिनेशनवरून घसरलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘मगे दूध खंय लिवूचा?’’

आमच्या घरात दुधाचा हिशेब कॅलेंडरवर असतो. अर्धा लिटर जास्त घेतलं की ‘अ’, दूध नाही घेतलं की फुली. भिशीचा हप्ता, ब्लाउज कोणाचा कधी द्यायचा (आई शिवणकाम करते), बाबांची नाईट, आजीचा डॉक्टर. मी गर्दी समजून जे खोडलं होतं त्या चौकोनांत आमचं घर चालत होतं. स्वयंपाकघरात काही बोलले नाही. रात्री अंथरुणात रडले.

ढीगभर सॉफ्टवेअर शिकावी लागतात का? लॅपटॉप कोणता घेऊ?

पहिल्या वर्षी महागाचा लॅपटॉप घेऊ नका, ते वर्ष बहुतेक कागद, माती आणि तारेत जातं. नंतर घ्या, तोपर्यंत कोणत्या विषयाकडे जायचं तेही कळेल. क्रिता, इंकस्केप, ब्लेंडर ही चांगली सॉफ्टवेअर फुकट मिळतात. बाकी कीबोर्डचे शॉर्टकट महिनाभरात बोटांत बसतात.

पिंटरेस्ट बघतेस का? आणि एआय?

दोन्ही वापरते. पिंटरेस्ट या चित्रांच्या साइटची अडचण अशी की आमच्या वर्गातले सगळे तेच बघतात, त्यामुळे पिन-अपच्या भिंतीवर एकाच आईची वीस लेकरं उभी असल्यासारखं दिसतं. एआयला मी एकदा ‘कोकणातलं घर’ सांगितलं. त्याने कौलं बरोबर दिली, पण तुळशीवृंदावन घराच्या मागे ठेवलं आणि अंगणात बर्फासारखं काहीतरी पांढरं पसरवलं. नंतर लक्षात आलं, त्याला वाळत घातलेली आमसुलं नाही, मीठ दाखवायचं होतं बहुतेक. श्रेय द्यायचं तर देऊया.

मग सुचतं कुठून?

पायी फिरून. हे उत्तर ऐकून लोक हिरमुसतात, पण खरंच.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत सकाळी दहाच्या पुढे जा. दिसायच्या आधी ऐकू येतं : हातोड्यांचा आवाज. तांब्याच्या भांड्याच्या अंगावर एकसारखे बारीक ठोके मारून जी खळगेदार नक्षी उठवतात तिला मठारकाम म्हणतात. मला ती शोभेची वाटायची. तिथल्या एका काकांनी पातळ पत्रा माझ्या हातात दिला, वाकवून बघ म्हणाले, सहज वाकला. मग ठोकलेला दिला. तो वाकेना. ठोक्यांनी धातू घट्ट होतो, भांडं टिकतं, आणि दिसतंही सुंदर. इथे ‘का?’ विचारलं तर काकांकडे उत्तर होतं. ठोक्यांच्या ओळी आखलेल्या नव्हत्या, पेन्सिलचा एक ठिपका नाही, तरी अंतर चुकत नव्हतं. बघताना लक्षात आलं की ते भांडं फिरवतात, हातोडा जागचा हलत नाही. मी त्या वेळी कॅलिग्राफी शिकत होते आणि मनगट फिरवत होते. दुसऱ्या दिवशी कागद फिरवून बघितला.

तसंच राजा केळकर संग्रहालयाचं. दिनकर केळकरांनी जमवलेल्या तिथल्या वस्तू वीस हजारांच्या वर आहेत, पण मी एकाच कपाटापुढे तास काढते : अडकित्ते. सुपारी कातरायचं एक काम, त्याच्यासाठी किती आकार! एक पातं आणि एक बिजागरी एवढं पक्कं, बाकीच्यात कारागीर मोकळा, म्हणून कुठे पक्षी होतो, कुठे घोडा, कुठे माणसं. अट जितकी कडक तितकं सुचतं जास्त, हे मला तिथे कळलं. आमचे सर हेच दर सोमवारी सांगायचे, तेव्हा पटलं नव्हतं.

बुधवार-रविवारचा जुना बाजारही चुकवत नाही. काडेपेटीची लेबलं, पितळी कुलपं, फाटक्या पोथ्या. घासाघीस करता यायला हवी. मला येत नाही, म्हणून मी बार्शीच्या मैत्रिणीला नेते.

देवनागरी अक्षरांचं एवढं वेड कशाला? फॉण्ट तर आयते मिळतात.

बसा जरा. हा माझा आवडीचा प्रश्न आहे.

‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे दोन शब्द मोठ्याने वाचा. एक आंबोलीला, दुसरा मालवणला. मी आंबोलीवर एक पोस्टर केलं, ‘धुक्यातल्या दऱ्या’ असं शीर्षक. सुंदर वळणाचा एक फॉण्ट सापडला, तो मुळात हिंदीसाठी केलेला. त्याने ‘ऱ्या’मधला तो आडवा, पापणीसारखा रफार ओळखलाच नाही आणि नेहमीचा रफार डोक्यावर चढवला. घाटातल्या दऱ्यांचा समुद्र झाला. मी प्रिंट काढून भिंतीवर लावेपर्यंत बघितलं नाही. वर्गातल्या अर्ध्या मुलांना काही वावगं वाटलं नाही, सांगलीच्या मुलाने मात्र लांबूनच विचारलं, ‘‘आंबोलीला दर्या कधी आला?’’

मराठीचा ‘ल’ पाकळीचा असतो, ‘श’ देठाचा. हिंदीत दोन्ही वेगळे. २००९मध्ये महाराष्ट्र सरकारने प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला त्यातही हे दिलेलं आहे. तरी दुकानांच्या पाट्या बघा, बहुतेकांवर हिंदी ‘ल’. कोणाला दोष देत नाही, संगणकात जे आधी येतं ते लोक वापरतात. म्हणून तर आधी काय येतं हे ठरवणारा माणूस महत्त्वाचा.

विंडोजमध्ये वर्षानुवर्षं आपण जो ‘मंगल’ फॉण्ट बघत आलो तो र. कृ. जोशी यांनी केला. ते कवी होते, सुलेखनकार होते, आयडीसीत शिकवायचे. त्याच्या मागे जायचं तर निर्णयसागर छापखाना. जावजी दादाजींनी तो १८६९मध्ये मुंबईत काढला. निर्णयसागरचे टाइप अख्ख्या देशात नावाजलेले. जुन्या बाजारात मला तिथल्या एका पोथीची सुटी पानं तीस रुपयांना मिळाली. भिंगातून बघितलं तर जोडाक्षरं एकमेकांना चिकटत नाहीत की धक्का देत नाहीत. हे सगळं धातूत उलटं कोरून! आणि आत्ताचं म्हणाल तर मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्ता’, ‘बालू’, ‘मोदक’ फुकट उतरवून घ्या आणि शेजारी शेजारी लावून बघा. ‘मोदक’ एवढा गुबगुबीत आहे की अक्षराच्या आतली पोकळी केसाएवढी उरते, तरी वाचता येतो.

नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडग्यांची अक्षरं आठवतात का? बाबांनी पेपरातली कात्रणं जपून ठेवली आहेत. ते पोस्टात आहेत, अक्षरांशी त्यांचा संबंध पत्त्यांपुरता, पण नाटकाचं नाव बघून नाटक विनोदी की रहस्यमय ते कळायचं असं ते सांगतात. माझ्या वेडाची सुरुवात तिथून असावी.

सुट्टीत घरी कशी जातेस?

स्वारगेटवरून रात्रीची एसटी. कोल्हापूरपर्यंत झोप, आजऱ्यानंतर वळणं, पहाटे आंबोली. घाट उतरताना खिडकी उघडली की हवेचा वास बदलतो, सुकी थंडी संपून ओलं, शेवाळी काहीतरी आत येतं. दाणोलीला पोचलं की फोन करायचा, म्हणजे बाबा स्टँडवर येतात.

सुट्टीत काय करतेस? आराम?

चवथीला आराम नसतो.

आमच्याकडे गणपतीच्या मागच्या भिंतीवर दर वर्षी चित्र काढतात. आधी आजोबा काढायचे, मग काका, मी डिझाइनला गेल्यावर भिंत माझ्याकडे आली. मागच्या वर्षीच्या चित्रावर पांढरा हात मारायचा आणि वरून नवीन. त्या भिंतीवर एक बारीक पोपडा निघालाय, त्यात कडेने थर मोजता येतात : पांढरा, निळा, पांढरा, गुलाबी, पांढरा, हिरवा. मी अकरापर्यंत मोजले.

पहिल्या वर्षी मी नवशिक्या उत्साहात राखाडी आणि काळ्या उभ्या रेषा काढल्या, अगदी मोजून-मापून. स्वित्झर्लंडमध्ये शोभलं असतं. आजी काठी टेकत आली, बराच वेळ बघत राहिली. ‘‘गणपतीच्या मागे वंय कित्याक घातलंस गो?’’ वंय म्हणजे कुंपण. खरंच कुंपणच दिसत होतं. बाप्पा कोणाच्या तरी परड्यात शिरल्यासारखे. रात्री दोनपर्यंत बसून मी त्या कुंपणावर वेल चढवले, वर कवंडळं, म्हणजे रानातली लाल फळं, लावली. आता चित्र आधी कागदावर काढून आजीला दाखवते. तिची ज्युरी चौघांच्या ज्युरीपेक्षा कडक, पण एका वाक्यात संपते.

भिंतीपेक्षा अवघड माटवी. गणपतीच्या डोक्यावर छताला लाकडी चौकट टांगतात, तिला रानातलं आणि परसातलं जे जे त्या दिवसांत येतं ते बांधायचं : लालभडक कवंडळं, कांगल्यांचे घोस, सुपारीची शिपटं, तेरडा, लांबलचक तवसं (काकडी), नारळ, आंब्याचे टाळे. बाबा स्टुलावर, मी खालून देते. ते पट्टी वापरत नाहीत. आधी चार कोपऱ्यांना जड, म्हणजे नारळाची पेंड, मग तवशी मधे, मग हलकं. एक बाजू कलली की समोरच्या बाजूला एखादं शहाळं सरकवायचं. वजन आणि रंग दोन्ही एकाच वेळी तोलले जातात. लाल एकाच जागी साचलं तर ते न बोलता एक कवंडळ सोडून पलीकडे बांधतात. बॅलन्स या विषयाचं मी पूर्ण सेमिस्टर केलंय, त्यात कोणी चौकट डोक्यावर पडेल अशी भीती घातली नव्हती.

डिसेंबरात जत्रा असतात. रात्रभर दशावतार बघायला आजीसकट सगळे जातो. रंगमंचावर एक बाकडं. तेच सिंहासन, तेच डोंगर, त्याच्यावरच राजा झोपतो. सेट डिझाइनवाल्या मित्राला एकदा घेऊन गेले होते. पहाटे घरी येईपर्यंत तो बाकड्याबद्दलच बोलत होता. मे महिना फक्त आंबे, फणस आणि झोप. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

घरी आल्यावर लोक फुकटात कामं सांगतात का?

‘दहा मिनटांचा काम आसा’ या वाक्याने सुरू होणारी कामं : वाढदिवसाचा बॅनर, मुंजीची पत्रिका, क्रिकेट स्पर्धेचा लोगो (बॅटीतून वाघ बाहेर येतोय असा). माझा दर ठरलेला आहे. बॅनरला डझनभर बांगडे, पत्रिकेला सुरमई. वाघाला पैसेच घेते.

तुझ्या गावात गंजिफा, लाकडी खेळणी, पिंगुळीची चित्रकथी, सगळं आहे. मग त्यावरच प्रोजेक्ट का नाही करत?

केला होता. जपून बोलते.

सावंतवाडीची गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी संचात १२० पानं असतात : दहा अवतार, प्रत्येकाची बारा. पानावर आकडा नसतो. मत्स्याच्या पंजीवर पाच मासे, कूर्माच्या सत्तीवर सात कासवं. डाव खेळणाऱ्याला मोजायला न लागता एका नजरेत संख्या कळावी अशी ती मासोळ्यांची मांडणी, आणि तीही वर्तुळात. (माझ्या कॅलेंडरला वर्तुळ का जमलं नाही, याचा मी त्यानंतर बराच विचार केला.) ही कला संपत आली होती, ती राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसल्यांनी पुन्हा उभी केली. पिंगुळीच्या ठाकर समाजात चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर सगळ्यांना अचानक पिंगुळी कुठे आहे ते कळलं.

तर दुसऱ्या वर्षी क्राफ्ट डॉक्युमेंटेशनसाठी, म्हणजे हस्तकलेची नोंद करायला, मी सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी करणाऱ्या एका काकांकडे गेले. हातात कॅमेरा, बावीस प्रश्नांची यादी. ‘तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते?’ हा चौथा. ते पांगाऱ्याच्या लाकडाचं केळं घासत होते. त्यांनी ते आणि पॉलिश पेपर माझ्या हातात दिला. ‘‘आधी बस. ह्यां केळां घासून दी.’’ मी तीन तास केळी घासली. पाच झाली. त्यांनी त्यातली दोन परत दिली, कारण खऱ्या केळ्याला असतात तशा कडा मी घासून गोल करून टाकल्या होत्या. त्या दिवशी एकही फोटो काढला नाही. चौथ्या दिवशी त्यांनीच विचारलं, कॅमेरा आणला नाहीस?

त्यांचे नमुने घेऊन मोबाइलची कव्हरं छापावीत असं वर्गात सुचवलं गेलं होतं. मी नाही केलं. त्या कव्हरातला रुपया त्यांच्यापर्यंत कसा जाणार याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नुसतं ‘प्रेरित’ असं लिहून चूल पेटत नाही. त्याऐवजी त्यांच्या फळांच्या परडीसाठी पुठ्ठ्याचा घडीचा डबा केला, कारण पुण्या-मुंबईला पाठवताना देठ मोडतात अशी त्यांची तक्रार होती. डिंक न लावता बंद होतो. देठ अजून कधी कधी मोडतात. काम चालू आहे.

‘‘चेडवा, नोकरी गावतली मां?’’ (मुली, नोकरी मिळेल ना?)

गावतली, काकी. ॲप आणि वेबसाइटच्या कामाला सगळ्यात जास्त मागणी आहे, त्याखाली पॅकेजिंग, प्रकाशन, ॲनिमेशन, प्रदर्शनं. पगार कामाच्या फोल्डरवर ठरतो, मार्कांवर फार नाही. खासगी कॉलेजची फी लाखांत असते, त्यामुळे शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर हप्ता किती बसेल ते आधी कागदावर मांडा, मग स्वप्नं बघा. मला अक्षरं करायची आहेत, त्यात पैसे सावकाश येतात. बाबांना सांगून ठेवलंय.

त्या गोल कॅलेंडरचं पुढे काय झालं?

वाया नाही गेलं. कागद जाड, लॅमिनेशनमुळे घडी पडत नाही, कात्री सरळ चालते. आईने त्याचं ब्लाउजचं पेपर कटिंग केलं. बारा महिन्यांत तीन मापं बसली : बत्तीस, चौतीस, छत्तीस. छत्तीसची बाही ऑगस्टमध्ये आहे. मापं तिने मागच्या पांढऱ्या बाजूवर लिहिलीत, तिथे बॉलपेन उठतं.